रोजा, एकादशी आणि महाविद्यालयाचे घड्याळ

रमजानचा महिना लागला की आपल्या महाविद्यालयांच्या शिक्षक-कक्षांत एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘धर्म घरी ठेवावा, महाविद्यालयात शिक्षण घ्यावे.’ हे वाक्य केवळ जमातवाद्यांच्या तोंडी असते, तर त्याची दखल घेण्यासाठी या पानावरील जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु ते उच्चारणाऱ्यांत स्वतःला पुरोगामी म्हणविणारे प्राध्यापक असतात, अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्याने देणारे असतात आणि कित्येकदा आपल्याच चळवळीत वाढलेले साथीही असतात. मुस्लिम विद्यार्थ्याने रोज्याच्या दिवसांत थोडी सोय मागितली की हे मित्र एकदम कडवे धर्मनिरपेक्ष होतात. त्यांची ही धर्मनिरपेक्षता वर्षातून एकच महिना जागी का होते, असा प्रश्न त्यांना विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

प्रश्नाचा विचार मुंबई-पुण्याच्या परिसंवादांतून करण्याऐवजी सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या नातेपुत्यातून करावा, हे अधिक उपयोगी ठरेल. माळशिरस तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भोवतालचा ऊस उभा आहे. सदाशिवनगरचा शंकर सहकारी साखर कारखाना हाकेच्या अंतरावर आहे. आणि आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरड सोडून सोलापूर जिल्ह्यात शिरली की तिचा मुक्काम नातेपुत्याला पडतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुले-मुली एस.टी.ने शिकण्यासाठी या गावात येतात. त्यांत शेतकऱ्यांची मुले आहेत, ऊसतोड मजुरांची आहेत, तशीच बागवान, आतार, मुलाणी, तांबोळी, शेख यांचीही आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्यात मुस्लिमांचे प्रमाण सुमारे १० टक्के आहे. तात्पर्य, असा विद्यार्थी येथे अपवाद नाही. तो प्रत्येक वर्गात, बहुधा शेवटच्या दोन बाकांवर, बसलेला आहे.

आता पालखीच्या दिवसांत हे गाव काय करते ते पाहावे. लाखो वारकरी येतात. वाहतूक वळविली जाते, मार्गावरील शाळांना सुट्टी मिळते, शाळा-महाविद्यालयांच्या खोल्या आणि पटांगणे दिंड्यांना उतरण्यासाठी खुली होतात. त्या दिवशी कोणी प्राचार्य ‘धर्म घरी ठेवावा’ असा फलक फाटकावर लावीत नाही. तसा त्याने लावूही नये, हे आम्ही अगदी स्पष्टपणे सांगतो. वारी ही या मातीतील बहुजनांची परंपरा आहे आणि थकलेल्या माणसाला शाळेच्या व्हरांड्यात रात्रभर पाठ टेकू देणे यात धर्मनिरपेक्षतेचा कोणताही भंग होत नाही. परंतु मग तत्त्व कोणते ठरले? सार्वजनिक संस्थेने माणसाच्या श्रद्धेची आणि त्या श्रद्धेपायी त्याच्या शरीराला होणाऱ्या कष्टांची दखल घ्यावी, हे ठरले. हे तत्त्व आषाढात खरे आणि रमजानमध्ये खोटे असू शकत नाही.

आपली महाविद्यालये धर्मापासून अलिप्त आहेत, हा समज मुळातच भाबडा आहे. श्रावणी सोमवारी अर्ध्या दिवसाने सुटणाऱ्या शाळा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. एकादशीला आणि महाशिवरात्रीला उपाहारगृहात साबुदाण्याची खिचडी मिळते, ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ अशी पाटी लागते, वसतिगृहाच्या खाणावळीत फराळाचे वेगळे ताट निघते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी येणाऱ्या, निरंकार उपवास करणाऱ्या मुलीला ‘आज तुझा उपवास ना, मग बस’ असे शिक्षक सहजपणे म्हणतात. या सहजपणाला कोणी सवलत म्हणत नाही, अनुनय म्हणत नाही, लांगूलचालन तर मुळीच म्हणत नाही. ज्याची पंचांगे भिंतीवर लागलेली असतात त्याला आपल्या सोयी दिसत नाहीत. त्या निसर्गक्रमासारख्या वाटतात. ज्याचे पंचांग भिंतीवर नाही त्याला मात्र प्रत्येक सोय तोंड उघडून मागावी लागते, आणि मागितली की तो ‘मागणारा’ ठरतो.

आता प्रत्यक्ष अडचणीकडे वळू. इस्लामी वर्ष चांद्र आहे आणि त्यात आपल्या पंचांगासारखा अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पूर्वस्थळी येतो. २०१४ ते २०१८ या काळात तो मे, जून आणि जुलैमध्ये पडला. तेव्हा महाविद्यालयांना सुट्टी असे किंवा वर्ष नुकतेच सुरू झालेले असे. आज परिस्थिती उलट आहे. २०२४ साली पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षांचा रमजान फेब्रुवारी-मार्चचा. म्हणजे बारावीची परीक्षा, दहावीची परीक्षा आणि पदवी वर्गांची प्रात्यक्षिके व अंतर्गत मूल्यमापन यांच्या ऐन धामधुमीत हा महिना येऊन पडला. २०२५ ची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि मार्चमध्येही चालू राहिली. तिचे उत्तरार्धातील पेपर मुस्लिम विद्यार्थ्यांनी उपाशीपोटी दिले.

या परीक्षेचे दुपारचे सत्र तीन वाजता सुरू होते आणि वाढीव दहा मिनिटे धरून सहा वाजून दहा मिनिटांनी संपते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात या भागात सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. परीक्षा केंद्रातून बाहेर पडून, बसस्थानकापर्यंत चालत जाऊन, गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलीचा रोजा सुटण्याची वेळ रस्त्यावरच होते. सहरीसाठी ती पहाटे साडेचारला उठलेली असते. आईबरोबर स्वयंपाकही तिनेच केलेला असतो. पहाटे साडेपाचनंतर तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेलेला नसतो. सोलापूर जिल्ह्याचा मार्च म्हणजे पुण्याचा मार्च नव्हे. येथे होळीपूर्वीच दुपारी अंगाची काहिली होऊ लागते. या अवस्थेत तिने तीन तास लिहावे, आणि नंतर प्रज्ञेच्या व गुणवत्तेच्या नावाने तिची तुलना दोन वेळ जेवून आलेल्या विद्यार्थ्याशी व्हावी, याला आपण समान संधी म्हणतो!

येथे पहिला आक्षेप येतो तो असा: रोजा ही तिची स्वतःची निवड आहे; कुराणानेच आजाऱ्याला आणि प्रवाशाला मुभा दिली आहे, राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात; मग परीक्षेच्या दिवसांत तिने रोजा ठेवूच नये. हा आक्षेप घेणारे प्राध्यापक एका क्षणात मुफ्ती होतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. कुराणाचा अर्थ लावण्याचा अधिकार महाविद्यालयाला कोणी दिला? परीक्षेपुरता रोजा सोडावा की नाही, हा त्या विद्यार्थिनीचा आणि तिच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे. तिने तो सोडला तर तिला कोणी जाब विचारू नये, आणि तिने तो ठेवला तर शिक्षकाने तिला त्याची किंमत मोजावयास लावू नये. आषाढात पायी जाणाऱ्या वृद्ध वारकऱ्याला ‘देव घरी बसूनही भेटतो, एस.टी.ने जा’ असे आपण सुनावत नाही. त्याच्या पायांना तेल लावतो. विवेकाचा उपदेश करण्याआधी हा भेद का होतो, याचा विवेक करावा.

दुसरा आक्षेप अनुनयाचा. हा अधिक जोरात आणि अधिक निर्लज्जपणे केला जातो. तेव्हा अनुनय कशाला म्हणतात ते एकदा वस्तुस्थितीवरून ठरवू. मार्च २०२५ मध्ये, म्हणजे रमजान चालू असतानाच, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा बारावीचा हिंदीचा पेपर १५ मार्चला होता. देशाच्या काही भागांत होळी त्या दिवशीही साजरी होते, म्हणून ज्यांना त्या दिवशी परीक्षेला बसणे अवघड वाटेल त्यांची परीक्षा नंतर घेतली जाईल, असे मंडळाने जाहीर केले. निर्णय योग्यच होता. एका सणासाठी एका राष्ट्रीय मंडळाला संपूर्ण पेपर पुन्हा घेण्याची तयारी ठेवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. मग महिनाभर उपाशी राहून त्याच परीक्षा मुकाट्याने देणाऱ्या मुलांनी पेपर पुढे ढकलण्याची मागणीही केलेली नसताना, केवळ दुपारऐवजी सकाळचे सत्र मागितले तर आकाश कोसळते काय? तेलंगण सरकारने मार्च २०२५ मध्ये रमजानपुरती आपल्या मुस्लिम कर्मचाऱ्यांना दुपारी चार वाजता कार्यालय सोडण्याची मुभा दिली. बिहार सरकारने २०२३ साली एक तास लवकर येऊन एक तास लवकर जाण्याची सोय केली. दोन्ही राज्यांचा कारभार त्यामुळे बंद पडला नाही.

आणि देण्याघेण्याचा हिशेब मांडावयाचाच असेल तर तो पुरता मांडावा. २०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला, अशी सलग दोन वर्षे आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपुरातील आणि राज्यातील अनेक गावांतील मुस्लिमांनी आपण होऊन त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या, तेव्हा ईदचा जुलूस एक दिवस मागे सरकविण्याचा निर्णय मुस्लिम संघटनांनीच घेतला. नाक्यावर रोज शिव्या खाणाऱ्या समाजाने आपल्या वर्षातील मोठे सण शेजाऱ्याच्या सणासाठी बाजूला सारले. त्या समाजाच्या मुलाने आता महाविद्यालयाकडे तासाभराची सोय मागितली, तर ‘यांना सगळे काही हवे असते’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्या खतावणीतील जमेची बाजू फाडून टाकली आहे, असेच म्हणावे लागेल.

हे सर्व आजच लिहिण्याची निकड आहे, कारण वारे उलट दिशेने वाहत आहे. आसाम विधानसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये शुक्रवारच्या नमाजासाठी असलेली दोन तासांची मध्यंतराची प्रथा बंद केली. आपल्या राज्यात जानेवारी २०२५ मध्ये एका मंत्र्याने दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला बंदी घालण्याची मागणी शिक्षणमंत्र्यांकडे केली. परीक्षा केंद्राच्या दारात मुस्लिम मुलीकडे प्रथम संशयाने पाहावे, असे शासनातील माणसेच सुचवीत असतील, तर त्या दाराच्या आत बसलेल्या शिक्षकाच्या एका समंजस शब्दाचे मोल किती असेल, याचा विचार साथींनी करावा.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे, म्हणून त्याला अधिक काळजीपूर्वक उत्तर दिले पाहिजे. समाजवादी कार्यकर्त्याने धर्माच्या कर्मकांडाला बळ का द्यावे? आपली परंपरा तर हमीद दलवाईंची! १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेणाऱ्या, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या दलवाईंचे नाव घेऊन आपण रोज्याची सोय मागावी, यात विसंगती नाही काय?

विसंगती नाही. दलवाईंचे भांडण व्यक्तीला जमातीच्या दावणीला बांधणाऱ्यांशी होते. तोंडी तलाक मिळालेल्या स्त्रीला मुल्ला-मौलवींच्या मर्जीवर सोडू नये, देशाच्या कायद्याने तिच्या पाठीशी उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता. मुस्लिम मुलामुलींनी आधुनिक शिक्षण घ्यावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्या शिक्षणाच्या दारातच मुलाला उपरे वाटू लागले, तर दलवाईंचा कोणता विचार आपण पुढे नेला? शिक्षकाने हिणवलेला विद्यार्थी अधिक विवेकवादी होत नाही. तो वर्ग सोडून आपल्या मोहल्ल्यात परत जातो आणि तेथे त्याची वाट पाहत बसलेल्या सनातन्याच्या हाती अलगद सापडतो. मोहल्ल्यातील कडवा आणि शिक्षक-कक्षातील कडवा यांचे हितसंबंध येथे एक होतात, कारण या मुलाने महाविद्यालयात रुळू नये अशीच दोघांची इच्छा असते.

म्हणूनच आमची मागणी व्यक्तीसाठी आहे, जमातीच्या पुढाऱ्यांसाठी नाही. महाविद्यालयाने मशिदीकडून रोजेदारांची यादी मागवू नये. वर्गात उभे करून ‘कोणाकोणाचा रोजा आहे?’ असे विचारू नये. ज्याचा रोजा नाही त्याला ‘तू कसला मुसलमान?’ असे हसत हसतही म्हणू नये. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया रोजा ठेवीत नाहीत. भर वर्गात ‘आज तुझा रोजा नाही का?’ असे विचारणारा शिक्षक आपण एका तरुण मुलीला काय विचारले हे जाणतही नसतो. रोजा न ठेवणाऱ्या मुस्लिम विद्यार्थ्याला उपाहारगृहात निर्धास्तपणे चहा पिता आला पाहिजे. तो पितो म्हणून त्याच्यावर नजर ठेवणारे सहाध्यायी असतील तर त्यांनाही शिक्षकाने खडसावले पाहिजे. ठेवण्याचे स्वातंत्र्य आणि न ठेवण्याचे स्वातंत्र्य एकाच कलमातून आलेले आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ दिले आहे. २८ व्या कलमाने सर्वस्वी सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्याला धर्म शिकविणे वेगळे आणि उपाशी विद्यार्थ्याला विज्ञान शिकविताना त्याची अवस्था ध्यानात घेणे वेगळे. हा भेद ज्याला कळत नाही त्याने घटनेचा आधार घेऊ नये.

प्रश्न मूलतः शिक्षणाचा आहे, हे आकडे सांगतात. २००६ साली सच्चर समितीने देशापुढे ठेवले की नामवंत महाविद्यालयांतील पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर वर्गांतील ५० विद्यार्थ्यांत एक एवढेच मुस्लिम आहेत. महाराष्ट्र शासनाने २००८ साली नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने २०१३ साली अहवाल दिला आणि राज्यातील मुस्लिमांच्या दारिद्र्याचे व शैक्षणिक मागासलेपणाचे चित्र उघडे केले. जुलै २०१४ मध्ये शिक्षणात आणि नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातील आरक्षण चालू ठेवू दिले. न्यायालयाने जे राखले ते नव्या सरकारने अध्यादेश व्यपगत होऊ देऊन घालविले. २०२२ साली केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली आणि मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही थांबविली. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये उच्च शिक्षणात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते. २०२०-२१ मध्ये ते १९ लाख २१ हजारांवर घसरले. देशाच्या लोकसंख्येत १४ टक्के असलेल्या समाजाचा उच्च शिक्षणातील वाटा त्या वर्षी ४.६ टक्के होता. पुढील वर्षी संख्या पुन्हा पूर्वपदावर आली, पण प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच राहिले. ज्या घरातून पहिल्यांदा कोणी पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचले आहे, त्या घरातील मुलाला महाविद्यालयात टिकवून धरणे हे राष्ट्रीय काम आहे. तो एका तासाच्या अडेलतट्टूपणामुळे गळाला, तर गळतीच्या कोष्टकात त्याचे कारण ‘वैयक्तिक’ असे लिहिले जाईल.

मग नेमके करावयाचे काय? नातेपुत्यासारख्या गावातील कोणत्याही महाविद्यालयाला उद्यापासून करता येतील अशा गोष्टी येथे मांडतो. त्यांपैकी एकीलाही शासनाच्या अनुदानाची गरज नाही.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. रमजानपुरती प्रात्यक्षिके, तोंडी परीक्षा आणि चाचण्या शक्य तितक्या सकाळच्या सत्रात घ्याव्यात. दुपारनंतर घेणे अटळ असेल तर सायंकाळी पाचच्या आत विद्यार्थी मोकळा व्हावा, म्हणजे वस्तीवर जाणारी गाडी त्याला सापडेल. ऊसतोड मजुराच्या मुलालाही सकाळचे सत्र सोयीचेच असते. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. रसायनशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत पिपेट अजून तोंडाने ओढावयास लावतात. रोजेदाराला ते शक्य नसते आणि आरोग्याच्या दृष्टीने ते कोणालाच योग्य नाही. चाळीस-पन्नास रुपयांचा रबरी फुगा आणला तर रोजाही टिकतो आणि सर्वांच्या पोटात आम्ल जाण्याचा धोकाही टळतो. तिसरी गोष्ट मैदानाची. शारीरिक शिक्षणाच्या धावण्याच्या चाचण्या, राष्ट्रीय छात्र सेनेचे दुपारचे संचलन आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमदान या महिन्यात पहाटे ठेवावे किंवा रोजेदार विद्यार्थ्याला नंतर करू द्यावे. गैरहजर म्हणून त्याचे गुण कापू नयेत. चौथी गोष्ट वसतिगृहाची. रात्री आठला बंद होणाऱ्या खाणावळीने सहरीसाठी डबा भरून ठेवावा आणि पहाटे साडेचारला पाणी तापविण्यापुरते स्वयंपाकघर उघडावे. एकादशीला फराळाचे ताट निघते, तेथे भाजी-भाकरीचा डबा निघणे अशक्य नाही. पाचवी गोष्ट शुक्रवारची. मधली सुट्टी जर त्या दिवशी एक ते दोनच्या दरम्यान आली, तर एकाही तासाला कोणी गैरहजर राहणार नाही. सहावी गोष्ट ईदची. चंद्रदर्शनावर ईदचा दिवस अवलंबून असतो. एक दिवस पुढे-मागे होतो. तेव्हा ज्या दिवशी सुट्टी छापली आहे त्याच्या आधल्या आणि नंतरच्या दिवशी चाचणी ठेवू नये, एवढे भान पुरेसे आहे.

यापेक्षा मोठा विषय बोर्डाच्या दुपारच्या सत्राचा आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकाचा. माळशिरस तालुक्यातील महाविद्यालये ज्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते २००४ साली केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. लहान क्षेत्राचे विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्याच्या अधिक जवळ असावे, हाच अशा विद्यापीठाचा अर्थ. पंचांग आणि रमजानचे अंदाजित दिवस हे दोन्ही समोर ठेवून परीक्षांच्या तारखा आखाव्यात, असा ठराव विद्यापीठाच्या अधिकार मंडळांपुढे आणणे आपल्या प्राध्यापक साथींना अवघड नाही. रमजान अचानक कोसळत नाही. २०३० साली तो जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये असा दोनदा येणार आहे, हेसुद्धा आजच सांगता येते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. यात गुणांची सूट मागितलेली नाही. अभ्यासक्रम कमी करावा, हजेरीची अट सैल करावी, उत्तरपत्रिका सौम्यपणे तपासावी, असे कोणीही म्हटलेले नाही. तसे कोणी म्हणेल तर आम्ही त्याला विरोध करू, कारण दयेने दिलेला गुण विद्यार्थ्याला आयुष्यभर खाली मान घालावयास लावतो. तोच पेपर, तीच काठिण्यपातळी, तीच तपासणी. फक्त घड्याळाचा काटा माणसाकडे पाहून फिरावा, इतकीच मागणी आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम समाजाची शिक्षणसंस्था उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि त्यांना एका पंक्तीत जेवावयास बसविले. गरीब मुलगा शिकावयाचा तर आधी त्याच्या भाकरीचा प्रश्न सोडवावा लागतो, हे त्या माणसाने ओळखले होते. रोजेदार विद्यार्थ्याचा प्रश्न तोच आहे; भाकरी कोणती हा नसून ती कोणत्या वेळी हा आहे, एवढाच फरक. याच सोलापूरच्या मातीतील अब्दुल रसूल कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासमवेत येरवड्यात फासावर गेले. चौघांच्या नावाने आपण दरवर्षी हुतात्म्यांना वंदन करतो. त्यांतील एकाच्या धर्मबांधवांच्या मुलाला वर्गात पाणी पिण्याच्या वेळेवरून टोमणा बसत असेल, तर ते वंदन कोरडे आहे.

आणि उपवासाचा अर्थ समाजवादी कार्यकर्त्याला कोणी समजावून सांगावा? मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी तेथे उपोषणास बसले होते. ‘इस्लामी संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिणारेही तेच साने गुरुजी. दुसऱ्याच्या हक्कासाठी स्वतःचे पोट उपाशी ठेवणाऱ्या माणसाला आपण गुरुजी म्हणतो. मग उपाशी पोटाने शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार त्यांच्या शिष्यांना कोठून मिळाला?

तालुक्यातील साथींपुढे आता काम आहे. रमजान लागण्याच्या महिनाभर आधी दोन-तीन कार्यकर्त्यांनी, एखाद्या प्राध्यापकाने आणि शक्यतो मुस्लिम विद्यार्थिनींच्या पालकांपैकी एखाद्या आईने मिळून प्राचार्यांची भेट घ्यावी आणि वरील सहा गोष्टी लेखी द्याव्यात. निवेदनावर सह्या सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांच्या घ्याव्यात. मुस्लिम मुलांची मागणी मुस्लिमांनीच करावी अशी वेळ आली, तर ती आपल्या संघटनेची नामुष्की ठरेल. दुपारच्या पेपरच्या दिवशी परीक्षा केंद्राबाहेर खजूर आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे राहण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही; पालखीच्या दिवशी वारकऱ्यांना चहा-पाणी देणारे हातच तेथे उभे राहावेत. गावाला ते हात ओळखीचे आहेत. सहा वाजून दहा मिनिटांनी केंद्राचे फाटक उघडेल, आणि सूर्य मावळेपर्यंत आपल्याला जेमतेम अर्धा तास मिळेल.